साठ सेंटिमीटरवरची ओल

लग्नाची काडीमोड झाली तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. एक पत्र्याची पेटी आणि एक घडीची छत्री घेऊन ती थोरल्या भावाच्या घरी परत आली. दादाने काही विचारलं नाही. वहिनीनेही नाही. तिने फक्त कपाटातले दोन कप्पे रिकामे करून दिले आणि उशीला नवा अभ्रा घातला.

दादाची मेंढरं होती, शंभराच्या थोडी वर. घराच्या मागूनच एक लांबलचक उतार सुरू व्हायचा आणि पार वरच्या कड्यापर्यंत तो सगळा गवताचा होता. दादासारखी चाळीसेक घरं त्या गवतावर जगत होती. ती रोज दादाबरोबर उतारावर जायला लागली. घरात बसलं की बायका भेटायला यायच्या, आणि भेटायला आलेल्या बायका हळहळायच्या. मेंढरं निदान हळहळत तरी नाहीत, असं ती म्हणायची.

तिथेच तिला डॉक्टर भेटले. ते औषध देणारे डॉक्टर नव्हते, गवताचे होते. पण पदवी ती पदवी. गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी त्यांना आपले गुडघे दाखवले होते आणि डॉक्टरांनी ते आदराने पाहिलेही होते. त्या दिवशी ते रांगत रांगत हातातल्या पुस्तकातल्या चित्रांशी एकेक काडी ताडून पाहत होते आणि सरळ सरळ चुकत होते. तिला राहवेना. ती जवळ गेली आणि म्हणाली, तुम्ही एक समजताय ती ही दोन आहेत. याच्या पेरावर लव असते, त्याच्या नसते, आणि मेंढरं हे आधी खातात. डॉक्टरांनी खिशातून भिंग काढलं. लव होती. दुसऱ्या दिवशी ते घरी आले आणि दादाला म्हणाले, बहिणीला एका हंगामापुरती कामाला पाठवाल का?

त्या एका हंगामाची एकोणीस वर्षं झाली.

काम समजायला सोपं होतं, करायला चिवट. पुढे पाऊस कमी झाला तर या गवताचं काय होईल, हे डॉक्टरांना आत्ताच पाहायचं होतं. त्यासाठी उताराच्या मधोमध कुंपण घालून चोवीस वाफे आखले होते. आठ वाफ्यांवर छपरं होती, म्हणजे पारदर्शक पन्हळींची रांग, दोन पन्हळींमध्ये तेवढीच फट. अर्धा पाऊस फटींतून खाली पडायचा, अर्धा पन्हळींतून वाहून टाकीत जायचा. टाकीतलं पाणी पंपाने दुसऱ्या आठ वाफ्यांवर शिंपडायचं. उरलेल्या आठांना जे आभाळ देईल ते. म्हणजे एकाच्या तोंडचा घास काढून दुसऱ्याला भरवायचा आणि तिसऱ्याला नुसतं पाहत बसवायचं. दादा म्हणायचा, आमच्या आईनेही आम्हाला अगदी असंच वाढवलं, फक्त वजन करायला कुणी आलं नाही.

वजन करायचं काम तिचं होतं. पावसाळा सरला की अर्ध्या मीटरची लोखंडी चौकट प्रत्येक वाफ्यात टाकायची, आतलं सगळं गवत जमिनीलगत कातरीने कापायचं, टेबलावर पसरून जात न् जात वेगळी करायची, हिरवी काडी वेगळी, वाळकी वेगळी. मग कागदी पिशव्यांवर क्रमांक घालून त्या दोन दिवस भट्टीत ठेवायच्या, आणि कोरडं झालं की काट्यावर ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन. डॉक्टरांच्या संशोधन केंद्राच्या लांब खोलीत गवताचा धुरकट गोडसर वास कायम भरलेला असे. केंद्रातल्या भांडारवाल्याने तिचं नाव काडीताई ठेवलं. लग्नाची काडीमोड, आता गवताची काडीमोड, असं तीच आधी म्हणाली होती. त्याने फक्त उचललं. पुढे दादाची मुलगीही तिला काडीआत्या म्हणू लागली.

चांगली वर्षं होती ती. तिला कुणी बिचारी म्हणेना. डॉक्टर बाहेरच्या पाहुण्यांना घेऊन आले की तिला पुढे करत आणि म्हणत, माझ्याकडे पदव्या आहेत, हिच्याकडे डोळे आहेत. ती मान खाली घालायची, पण ते वाक्य घरी जाताना दोनदा मनात म्हणून पाहायची.

वजनाखेरीज आणखी एक काम होतं. प्रत्येक वाफ्यात जमिनीत एक उभी नळी पुरली होती. तिच्यात एक दांडा सोडला की दहा, तीस, साठ आणि शंभर सेंटिमीटर खोलीवर मातीत किती ओल आहे, त्याचा आकडा यंत्रावर दिसे. आठवड्यातून दोनदा ती हे आकडे वहीत लिही. वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. कुठे सरड्याने नळीत घर केलं, कुठे मेंढरू कुंपण फोडून आत आलं, असं काही असलं तर तिथे लिहायचं.

सातव्या वर्षी तिला ते दिसलं. मोठा पाऊस होऊन दहा दिवस झाले होते, पुढे थेंबही नव्हता. छपराखालच्या अकरा नंबरच्या वाफ्यात वरची माती कोरडी पडायला लागली होती, तीस सेंटिमीटरवरही आकडा उतरत होता. पण साठवर तो चढला होता. तिने दांडा पुसला, पुन्हा सोडला. तेवढाच. सहा नंबरच्या वाफ्यात तेच, सतरात तेच. वरून पाऊस नाही आणि खाली ओल वाढते, म्हणजे ती वरून आलेलीच नाही. वाफ्यांभोवती एक मीटर खोल जाड प्लॅस्टिक उभं पुरलं होतं, बाजूचं पाणी आत येऊ नये म्हणून. तरी ती ओल कुठून तरी येत होती. तिने शेऱ्यात पेन्सिलीने लिहिलं, "खालून ओल येते आहे."

भांडारवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, कुठेतरी पाणी मुरतंय म्हणा की. दोघं हसली.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी वही पाहिली, यंत्र हलवून पाहिलं. यंत्र जुनं होतं, त्याची तपासणी दोन वर्षं राहिली होती. त्यांनी तिच्या शेऱ्यापुढे शाईने एक शब्द लिहिला, "यंत्रदोष", आणि साठ सेंटिमीटरचे तेवढे आकडे वगळायला सांगितले. रागावले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तसंच झालं आणि तिने पुन्हा तसंच लिहिलं. तेव्हा ते खांद्यावरून वाकून बघत म्हणाले, "काडीताई, आकडे तुमचे, अर्थ माझा. असं वाटून घेऊ या का?"

बोलणं गमतीचं होतं आणि आवाजही. पण तिने कानाला खडा लावला. आठ इयत्ता शिकलेल्या बाईने डॉक्टरांना काय शिकवायचं, असं तिचं तिलाच वाटलं. त्यानंतर तिने शेऱ्याच्या रकान्यात सरडे आणि मेंढरं यांपलीकडे काही लिहिलं नाही.

नवव्या वर्षी डॉक्टरांचा निबंध छापून आला. त्यात म्हटलं होतं की या उतारावरचं गवत विलक्षण चिवट आहे. अर्धा पाऊस काढून घेतला तरी आठ वर्षांत त्याचं वजन जेमतेम दहाव्या भागाने घटलं. शेवटी आभार मानले होते आणि त्यात तिचं पूर्ण नाव होतं. भाचीने ते घरात मोठ्याने वाचून दाखवलं. वहिनीने ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

त्याच निबंधावर पुढचं सगळं उभं राहिलं.

खालच्या शहराला पाणी पुरेना झालं होतं. पाणी खात्याने ठरवलं की कड्याच्या पायथ्याशी, उताराच्या डोक्यावर, एक खोल चर आडवा खणायचा. कड्यावरून उतरणारं पाणी त्यात धरायचं आणि नळाने शहराच्या तलावात न्यायचं. उतारावर पडणारा पाऊस उतारालाच राहील, फक्त वरून येणारं पाणी जाईल, असं त्यांचं म्हणणं. मेंढरंवाल्यांनी हरकत घेतली. शाळेच्या मोठ्या खोलीत सुनावणी ठरली. चाळीस घरांच्या वतीने बोलणार होता दादा, कारण तो कमी बोलायचा आणि म्हणून लोक त्याचं ऐकायचे.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी तो गोठ्यात एका मेंढीला मांडीखाली दाबून तिचे खूर तासत होता. ती पाय धरायला बसली होती. मान वर न करता त्याने विचारलं, "खात्याचे लोक डॉक्टरांचा कागद दाखवतात. अर्ध्या पावसावरही गवत टिकतं म्हणे. डॉक्टरांचं राहू दे. तू काय म्हणतेस?"

तिच्या डोळ्यांपुढे अकरा नंबरचा वाफा आला. ती नंतर पुष्कळदा म्हणाली की आलाच नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, पण आला. साठ सेंटिमीटरवरचा तो आकडाही आला. मग तिला वाटलं, यंत्रदोष असेल. डॉक्टरांनी पाहिलं होतं. छापूनही आलं होतं, बाहेरच्या मोठ्या मोठ्या लोकांनी वाचलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या कागदावर तिचंही नाव होतं.

"तग धरेल," ती म्हणाली.

दादाने दुसरा खूर हातात घेतला. विषय संपला. दुसऱ्या दिवशी त्याने उभं राहून सांगितलं की आमची हरकत नाही, फक्त चराच्या कडेने जनावरांना पाणी प्यायला दोन ठिकाणी उतार ठेवा. बाकीच्यांनी कुरकुर केली, पण त्याच्या शब्दावर माना डोलावल्या. कुणाच्या सांगण्यावरून तो असं बोलला, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. तशी गरजच कुणाला वाटली नाही.

चर झाला. यंत्रं पाच महिने घरघरत होती. वरची माती काढून ती खालच्या कठीण पिवळ्या थरापर्यंत गेली, म्हणजे पाणी तळातून निसटू नये. त्याच वर्षी डॉक्टर दुसरीकडे मोठ्या जागेवर गेले. जाताना त्यांनी तिला आपलं भिंग दिलं.

पहिली दोन वर्षं पाऊस बरा झाला. गवत होतं तसं होतं. मेंढरंवाले म्हणायला लागले, उगाच घाबरलो. तिलाही हायसं वाटलं. आपण उगाच मनाला लावून घेतलं होतं, असं तिने स्वतःला सांगितलं.

तिसऱ्या वर्षी पाऊस कमी झाला. चौथ्या वर्षी त्याहून कमी. इतका कमी पाऊस याआधीही झाला होता, तिच्याच वह्यांत दोनदा, आणि तेव्हा गवत बुटकं राहून पुन्हा उठलं होतं. या वेळी ते उठेना. आधी छपराखालचे वाफे गेले. ज्या वाफ्यांनी आठ वर्षं सगळ्यांना थक्क केलं होतं, तिथे चौकटीत चार ग्रॅम, तीन ग्रॅम निघू लागलं. मग आभाळावर सोडलेले वाफे त्यांच्या मागोमाग गेले. जास्त पाणी मिळणारे आठ तेवढे हिरवे होते, पण छपरावर पाऊसच पडेना तेव्हा टाकी रिकामी आणि पंप मुका. वाळकी काडी एका ढिगात, हिरवी एका ढिगात, असं ती अजूनही वेगळं करत होती. हिरव्याचा ढीग मुठीत मावायला लागला, मग चिमटीत.

कुंपणाबाहेर काय चाललं होतं ते मोजायची गरज नव्हती. ते दारातून दिसत होतं. उताराला टकलासारखे ठिपके पडले, ठिपके एकमेकांना मिळाले, आणि पाचव्या वर्षी दोनच सरी आल्या त्या माती घेऊन खाली गेल्या. वहिनी दाराच्या फटीत ओलं फडकं दाबून ठेवायची, तरी ताटात धूळ यायची.

केंद्रावर आता एक नव्या मॅडम होत्या, वयाने तिच्याहून लहान, कामाला पक्क्या. गवत कमी पावसाने मेलं असं त्यांनी अहवालात लिहायला घेतलं होतं. ती त्यांच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "मॅडम, लिहायच्या आधी अकरा नंबरच्या कडेला खणून बघू या."

त्यांनी का म्हणून विचारलं. तिने सातव्या वर्षाची वही काढून पुढे ठेवली.

चार दिवस खणत होते. तिसऱ्या दिवशी पुरलेलं प्लॅस्टिक उघडं पडलं. ते प्लॅस्टिक राहिलंच नव्हतं, चाळण झाली होती; उंदरांनी कुरतडलेलं, मुळांनी भोसकलेलं. मुळं त्याच्या खालूनही गेली होती. सुतळीएवढ्या जाडीपासून केसाइतकी, वाकून, वळून, दीड मीटर खाली पिवळ्या कठीण थरापर्यंत, आणि मग त्या थरावर आडवी पसरली होती, उताराच्या वरच्या बाजूला तोंड करून. मॅडम खड्ड्यात उतरल्या. त्या थरावर बोटभर जाड काळपट मातीची एक पट्टी होती. त्यांनी ती चोळून पाहिली. वर्षानुवर्षं तिथून पाणी झिरपल्याची ती खूण होती. आता ती विटेसारखी कोरडी होती.

कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कड्याखाली मुरलेलं पाणी त्या थरावरून हळूहळू सगळ्या उताराखालून सरकत होतं, आणि गवत ते पीत होतं. छपरांनी वरचा पाऊस अडवला, पण गवताला खालून कधीच तहान लागली नव्हती. आठ वर्षं त्यांनी अर्ध्या पावसावरचं गवत मोजलंच नव्हतं. गवत चिवट नव्हतं, त्याला पाणी मिळत होतं. आणि नेमकं ते पाणी चराने तोडलं होतं.

मॅडम वर येऊन खड्ड्याच्या काठावर बसल्या. हातावरची माती झटकत म्हणाल्या, "तुम्हाला सात वर्षांपूर्वीच दिसलं होतं."

"सात नाही, दहा," ती म्हणाली.

तिने डॉक्टरांना फोन केला. ते अगदी आपुलकीने बोलले, भाचीची चौकशी केली. मग तिने खड्ड्याचं सांगितलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही बरोबर होते, आणि उत्तरांवरून त्यांना सगळं कळलं. तो शेरा त्यांना आठवत नव्हता. त्यांनी खोटं सांगितलं असं तिला वाटलं नाही. एवढ्या वर्षांत हजार शेरे झाले असतील. शेवटी ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा वाटला, "तुम्हाला एवढी खात्री होती तर भांडायचं होतंत माझ्याशी."

खात्री नव्हतीच तिला. शंका होती. आणि शंकेसाठी भांडायला जे लागतं ते तिच्या अंगात नव्हतं, किंवा होतं आणि तिने ते काढलं नाही. दोन्हीपैकी कुठलं खरं, हे तिला आजही सांगता येत नाही.

मॅडमनी दुरुस्ती लिहून पाठवली. ती अकरा महिन्यांनी अर्ध्या पानात छापून आली. पाणी खात्यालाही त्यांनी पत्र लिहिलं, नकाशे जोडले, स्वतः जाऊन भेटल्या. तिथला अभियंता भला माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, कागद पुढे-मागे करून पाहिले आणि मग खिडकीकडे बोट केलं. बाहेर नळावर रांग होती. चर बुजवला तर यांना काय सांगू, त्याने विचारलं. मॅडम नकाशे गोळा करून उठल्या. आणि समजा बुजवला, त्या परतताना गाडीत म्हणाल्या, तरी मातीच राहिलेली नाही. गवत उगवणार कशात? तिने केंद्रात जपलेल्या बियांची पाकिटं काढून दोन हंगाम कुंड्यांत पेरली. कुंड्यांत आली. उतारावर लावली ती वाऱ्याने उघडी पाडली.

दादाला सांगणं राहिलं होतं. ते तिने लांबवलं. खड्डा खणल्यापासून दीड महिना ती त्याच घरात राहिली, त्याच ताटांत जेवली आणि बोलली नाही. तोवर मेंढरं तीन खेपांत गेली होती. शेवटच्या खेपेला राहिलेल्या चौदा म्हाताऱ्या मेंढ्या कुणी घेईना. त्या टेम्पोवाल्याने नुसत्या नेल्या. दादा गोठ्यात गेला आणि खराट्याने जमीन झाडू लागला. झाडायला काही नव्हतं. ती दारात उभी राहिली.

तिने पहिल्यापासून सांगितलं. लव, छपरं, साठ सेंटिमीटर, यंत्रदोष, रिकामा रकाना. तो खूर तासत असताना, पाय धरून बसल्या बसल्या, तिच्या मनात काय आलं होतं तेही सांगितलं. तो झाडायचा थांबला होता. तिचं संपल्यावर त्याने खराटा भिंतीला टेकवला. मग म्हणाला, "म्हणजे तुला तेव्हा माहीत होतं."

"शंका होती, दादा."

"मग शंका द्यायची होतीस." तो अजिबात चढ्या आवाजात बोलला नाही. "मी काय, तुझ्याकडे खात्री मागितली होती? मी तुझं मत विचारलं. शंका आहे म्हणाली असतीस तर मी तीच लोकांपुढे ठेवली असती. चाळीस घरांनी मिळून तिचं काय करायचं ते ठरवलं असतं."

तो पुन्हा झाडायला लागला. तिला वाटलं होतं तो ओरडेल, किंवा म्हणेल की जाऊ दे, तुझी काय चूक. दोन्हीला ती तयार होती. तो यातलं काहीच म्हणाला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

गाव हळूहळू रिकामं झालं. जाताना लोक दादाच्या दारावरून मान वळवून जायचे. सुनावणीत उठून हो म्हणणारा तोच होता ना. ज्याच्याशी लहानपणापासून उठबस, तो शेजारी निरोप न घेता गेला. त्याची बायको मात्र थांबली आणि वहिनीला ऐकू जाईल असं म्हणाली, शहाण्याच्या नादी लागलो आणि देशोधडीला लागलो. काडीताई चुलीजवळून उठली. बाहेर जाऊन सांगणार होती की तो शब्द माझा होता. दादाने उंबरठ्यावर हात आडवा धरला.

"बस खाली," तो म्हणाला. "बोललो मी. माझ्या तोंडून निघालं ते माझं."

ती बसली. पुढे एकटी असताना तिने दोघातिघांना गाठून खरं सांगितलंही. त्यांनी ऐकलं आणि त्यांना वाटलं, बहीण आहे, भावाची अब्रू झाकते. एकाने तर तिची समजूत घातली.

आता दादा, वहिनी आणि भाची खालच्या शहरात दोन खोल्यांत राहतात. दादा एका गोदामाच्या फाटकावर रखवालदार आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकचे नंबर लिहितो. उभ्या आयुष्यात खुर्चीवर न बसलेला माणूस, त्याच्या पायांना सूज येते. भाची नर्सिंग शिकते आणि आत्याशी फोनवर बोलते, पण काडीआत्या म्हणायचं तिने केव्हापासून सोडलं आहे. नुसतं आत्या म्हणते. वहिनी आल्यागेल्याचं सगळं करते. नळ उघडून पाण्याचा तांब्या पुढे ठेवताना ती नजर दुसरीकडे ठेवते, आणि काडीताई ते पाणी पिते, कारण न पिणं म्हणजे आणखी काहीतरी बोलल्यासारखं होईल.

ती स्वतः केंद्राच्या मागच्या खोलीत राहायला गेली आहे. मॅडमनी आणखी दोन वर्षांचं काम मिळवलं आहे. मेलेलं गवताळ रान काय होतं, तिथे काही परत येतं का, हे मोजायचं आहे. म्हणून पावसाळा सरला की ती अजूनही चौकट घेऊन जाते. गेल्या खेपेला चोवीसपैकी चौदा वाफ्यांत कातर चालवायला काही नव्हतं. चार वाफ्यांत एक काटेरी रोपटं आलं आहे, जे मेंढरं खात नाहीत आणि जे तिने यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तिने ते कापलं, पिशवीत घातलं, वाळवलं, वजन केलं. मॅडम म्हणाल्या की ही नोंद फार महत्त्वाची आहे. असेल. ती आता शेरेही लिहिते, लांबलचक, कधी पानभर, आणि मॅडम ते सगळे वाचतात. त्यांचं काम झालं की पुढे कोण वाचणार आहे, ते तिने विचारलेलं नाही.

महिन्यातून एकदा रविवारी ती शहरात जाते. दादाची सुट्टी नसते, म्हणून ती आधी गोदामाच्या फाटकावर जाते. तो उठून आपली खुर्ची तिला देतो आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहतो. ती नको म्हणते, तो ऐकत नाही. मग ते भाचीच्या परीक्षेबद्दल बोलतात, त्याच्या पायांच्या सुजेबद्दल बोलतात. मध्येच एखादा ट्रक येतो, तो नंबर लिहितो, दांडा वर करतो, खाली करतो. उताराचा विषय तो काढत नाही.

मागच्या महिन्यात मात्र त्याने जाताजाता विचारलं, वर पाऊस झाला का?

झाला, ती म्हणाली, चांगला झाला.

त्याने मान हलवली आणि तिची बस कितीची आहे ते विचारलं.